उसात बिबट्याची पिल्लं सापडली, तर फड थांबवायचा का?

तोडीचा हंगाम सुरू झाला की जुन्नर-आंबेगावच्या कट्ट्यांवर या एका विषयावर हमखास वाजतं. परवा संध्याकाळीही तेच झालं.

बापूंचं म्हणणं रोखठोक. "पिल्लं दिसली की वनखात्याच्या गाडीत घाला, मादीला पिंजरा लावा आणि लांबच्या जंगलात सोडून या. पोरांना अंधारात परसाकडं पाठवायची सोय राहिलेली नाही."

"भीती खरी आहे बापू, पण हा उपाय करून झालाय," डॉक्टर म्हणाले. ते पशुवैद्यक. "2001 ते 2003 मध्ये आपल्याच भागातले 29 बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले. बाहेरच्या जिल्ह्यांतले 11 इथं आणून सोडले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याचे आकडे आहेत. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सव्वातीनशे टक्क्यांनी वाढले. त्यातले जीवघेणे हल्ले प्रमाणात दुप्पट झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. आणि इथली जागा मोकळी राहत नाही, दुसरा बिबट्या येऊन बसतो."

"मग पिल्लं तरी न्या."

"कुठं? माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात एकदा वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडता येत नाही. शिकार त्याला आईच शिकवते, त्यात दीड-दोन वर्षं जातात. म्हणजे जन्मभर पिंजरा. आणि इकडं मादी पिल्लं शोधत त्याच फडाभोवती फिरत राहते. तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, तिथंच असतात."

बिबट्याला पिल्लं बाराही महिने होतात. ऊस तुटला की ती उघडी पडतात, म्हणून थंडीत जास्त सापडतात. कोयत्यांच्या आवाजानं मादी शेजारच्या फडात सरकते, फार लांब जात नाही. तिनं पिल्लं टाकून दिली, हा समज तेवढा डोक्यातून काढायला हवा.

मग करायचं काय, यावर कट्ट्यावरच्या सुनीलनं धडाधड सांगितलं. त्या सऱ्यांतली तोड तिथंच थांबवायची. पाचटात नेमकी जागा दिसेल अशी काठी रोवायची. पिल्लांना हात लावायचा नाही. गायीचं दूध तर अजिबात पाजायचं नाही, जुलाब लागून पिल्लू मरतं. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करायचा. वनखात्याची माणसं आणि डॉक्टर येऊन वजन, गोचीड, अंगातलं पाणी तपासतात, ओळखीसाठी कातडीखाली चिप बसवतात. अंधार पडायच्या आत पिल्लं हवेशीर क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. झाकण सैल. कॅमेरे लावून सगळे मागं हटतात. मादी येते, क्रेट पंजानं आडवा करते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते.

"आणि नाही आली तर?"

"दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं. बहुतेक वेळा अडतं ते गर्दीमुळं. बांधावर पन्नास माणसं, बॅटऱ्या, मोबाईल, कुणीतरी फटाका लावतं. अशात ती कशी येणार?"

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. सापडलेलं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी (एक छोटी रानटी मांजर) आणि रानमांजरही उसात वितात. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्धा किलोच्या आसपास असतं, डोकं आणि पंजे जाड, कान गोल, करड्या लोकरीवर दाट ठिपके. वाघाटीचं तळहातावर मावतं, कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा असतात. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची, घरच्या मांजराहून लहान. रानमांजराच्या पिल्लाला अंगावर फिकट पट्टे, कान टोकदार, शेपूट आखूड आणि टोकाकडं काळी कडी. वाघाटी ही भारतीय उपखंडातलीच मांजर, शेतातले उंदीर खाते. तिला बिबट्या समजून उचलून नेणं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात कुणाचंच भलं होत नाही.

बापू मात्र अडून होते आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. "टोळीला पैसे टनावर. कारखान्याची गाडी उभी. कारखान्याचा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) म्हणतो आजच भरा. दोन गुंठे दोन रात्री ठेवले तर ते कुणाच्या अंगावर?"

"सगळा फड थांबवायचा नाही," सुनील म्हणाला. "मुकादमाला सांगून दुसऱ्या टोकाकडून तोड लावा. एरवीही चारही बाजूंनी आत यायचं नाही. ओढ्याकडची किंवा शेजारच्या उसाकडची बाजू शेवटी ठेवा, म्हणजे जनावराला निघायला वाट राहते. घेरलं तर ते माणसांवरच येणार. आणि ऊस पेटवायचा नाही. पिल्लांना पळता येत नाही, ती जागेवर जळतात. जळीत उसाला कारखाना पैसेही कापतो."

"पोरांचं काय?"

"कोप्या उसाला खेटून नकोत, मध्ये मोकळं रान पाहिजे. पहाटे वाकून तोडताना तोडणाऱ्यांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं. गोठ्याला जाळी चारही बाजूंनी आणि वरूनही, नाहीतर शेळ्यांच्या वासावर तो रोज येणार."

जाळीचा खर्च कोण देणार, यावरून पुन्हा वाजलं. बापू म्हणाले, ओढ्याकडची बाजू शेवटी ठेवायला मुकादमाला सांगतो, पण दोन रात्रींच्या नुकसानीचं कारखान्यानं लिहून द्यावं. ती मागणी रास्तच आहे.