हळदीनं ब्रुसेला कळत नाही

"दुधात चिमूटभर हळद टाका. लाल झालं तर ब्रुसेला, पिवळं राहिलं तर गाय निर्दोष. शेळीला हा रोग होत नाही. एकदा गाभडलेली गाय आपोआप बरी होते. दूध उकळलं की माणसाला धोका नाही." ब्रुसेला म्हणजे जनावरांना गाभडवणारा (गर्भ पाडणारा) आणि माणसालाही होणारा जंतूंचा रोग. त्याच्यावरचा हा मेसेज फिरत फिरत आमच्या चुलत्यांपर्यंत पोचला. त्यांची देवणी गाय सातव्या महिन्यात गाभडलीय, वार (गर्भाची जार) अडकलीय, आणि ते हळद टाकून दूध बघत बसलेत!

कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तसंच हे आहे. कासदाह (कासेला सूज, म्हणजेच दगडी) झाला की दुधाचा साबणासारखा क्षारपणा वाढतो, म्हणून दगडी ओळखायला हळद थोडीफार कामी येते, एवढं मान्य. पण ब्रुसेला झालेल्या गाईची कास आणि दूध बहुधा चांगलंच दिसतं. हळद पिवळी राहते, घरचे निर्धास्त होतात आणि जंतू दुधातून जातच राहतात.

दुधावरची खरी चाचणी वेगळी आहे. 1 मिली साईसकट कच्च्या दुधात रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचे 30 मायक्रोलीटर द्रावण घालून 37 अंशांवर तासभर ठेवतात. दुधात प्रतिपिंडं (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ते घटक) असतील तर रंगीत जंतू स्निग्धकणांना चिकटून वर येतात, साईला निळं कडं दिसतं. साय काढलेलं दूध चालत नाही. चीक किंवा कासदाहाचं दूध असेल तर खोटं कडं येतं. जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या चाचणी-पुस्तिकेनुसार शेळ्या-मेंढ्यांना ही चाचणी लागूच नाही.

म्हणून गाईचं रक्त तपासायला द्या. मानेच्या शिरेतून 5 मिली, साध्या नळीत. नळी तिरकी ठेवून रक्त गोठू द्या, वर सुटलेलं पिवळसर पाणी म्हणजे सीरम, तो बर्फात पाठवा. सीरम वेगळा न करता रक्तच फ्रीझरमध्ये ठेवलं तर पेशी फुटून नमुना वाया जातो. रोझ बंगाल चाचणीत सीरम आणि अँटिजेन (रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचं द्रावण) 30-30 मायक्रोलीटर मिसळून 4 मिनिटांत गुठळ्या बघतात. उशीर झाला की कडा सुकून फसगत होते. पॉझिटिव्ह आलं तर एलायझा या प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंड चाचणीनं खात्री करा. नुकती गाभडलेली गाय निगेटिव्ह येऊ शकते. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. कालवडीला 4 ते 8 महिन्यांत ब्रुसेलाची लस दिली असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगा, लसीनंही कधी चाचणी पॉझिटिव्ह येते.

शेळीला होत नाही? माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा ब्रुसेला शेळ्या-मेंढ्यांतूनच येतो. उस्मानाबादी शेळीचं धारोष्ण दूध लेकराला पाजणाऱ्यांनी हे ऐकावं.

आपोआप बरी होते, हेही खोटं. बहुतेक गाई एकदाच गाभडतात, पुढं नीट वितात, पण जंतू दुधातून आणि वारेतून सोडत राहतात.

उकळण्याचं मात्र खरं आहे, उकळीनं ब्रुसेला मरतो. पण गाभडलेलं वासरू आणि वार उकळत नाही कुणी. त्यात जंतूंचा सर्वांत मोठा साठा असतो. हाताच्या खरचटीतून, डोळ्यांतून, श्वासातून हे जंतू माणसात शिरतात. मग महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप, घाम, कंबर-गुडघे धरणं सुरू होतं. विडाल टायफॉइडची चाचणी आहे, तिच्यात ब्रुसेला सापडत नाही. डॉक्टरांना गोठ्यात काय झालं ते सांगा, ब्रुसेलाची वेगळी रक्ततपासणी करायला लावा. औषधं किमान सहा आठवडे चालतात, मध्येच सोडली तर ताप उलटतो.

काका, वार उघड्या हातानं ओढू नका. पशुवैद्यकांना बोलवा, हातमोजे आणि मास्क घाला, वार आणि गर्भ खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि कुत्र्यांना तिकडं फिरकू देऊ नका.