‘पोट कापले की वजन उतरते, मग गट कशाला?’ : एका संदेशाला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. त्यांपैकी दोघे माझे नातेवाईक आहेत, आणि सहा वर्षांपूर्वी माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, झाली हे त्या दोघांतल्या एकालाच ठाऊक आहे. दुसऱ्याच्या लेखी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : ही शस्त्रक्रिया म्हणजे निर्धार नसलेल्यांचा सोपा मार्ग, पोट कापल्यावर वजन आपोआप उतरते, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांनी एकत्र जमून एकमेकांना धीर देत बसण्याचे कारण नाही, असे गट म्हणजे परस्परांचे कौतुक आणि अर्धवट वैद्यकीय सल्ल्याचा बाजार, आधार हवाच असेल तर घरची माणसे आहेत, आणि एवढे करून दोन वर्षांत वजन परत येतेच.

ही पाच विधाने सारखीच चुकीची नाहीत. तिसऱ्यात बरेच तथ्य आहे आणि पाचव्यात थोडे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन महिने आणि नंतरची सहा वर्षे मी अशा एका गटात जात आले आहे, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही हे आधीच सांगते.

पहिले विधान निर्धाराचे. ते सर्वांत जुने आहे आणि सर्वांत लवकर निकालात निघते. वजन उतरू लागले की शरीर आपला खर्च आवरते आणि भूक वाढवते. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होते. त्या माणसांनी कष्टात कसूर केली असे कोणी म्हणणार नाही. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढला जातो, त्याच्या वरच्या फुगीर भागात भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते, म्हणजे शस्त्रक्रिया केवळ जागा कमी करत नाही, भुकेच्या यंत्रणेलाही हात घालते. आणि ‘काहीच न करता थेट टेबलावर’ जाणाऱ्या माणसाची विमा कंपन्याही दखल घेत नाहीत : विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींनुसार रुग्णाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते दाखवणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो आणि कमी तीव्रतेचे उपाय करून ते फसलेले असावे लागतात.

दुसरे विधान ‘आपोआप’ या शब्दावर उभे आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. त्या नळीबरोबर जगायला शिकावे लागते. पहिले काही दिवस वरणाचे निवळ पाणी आणि नारळपाणी, तेही घोट घोट; मग पातळ ताक, दूध, गाळलेले सूप; मग मिक्सरमधून काढलेले अन्न, त्यानंतर मऊ भात आणि शेवटी नेहमीचे जेवण. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि ज्या पोटात एक वाटी मावत नाही त्यात ती बसवणे हे शाकाहारी घरात रोजचे गणित होऊन बसते. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. हे सगळे रुग्णालयाने दिलेल्या कागदावर छापलेले होते, मी ते तीनदा वाचलेही होते, आणि तरीही मऊ भाताच्या पहिल्या रात्री तिसऱ्या चमच्यालाच छातीच्या मधोमध अशी कळ आली की टाके उसवले असे मला वाटले.

रात्रीचे दहा वाजले होते. मी गटातल्या ज्या बाईंना फोन केला त्यांच्यावर माझ्या चार वर्षे आधी शस्त्रक्रिया झाली होती आणि सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी आधी विचारले, “ताप आहे का? धडधडतंय? डावा खांदा दुखतोय? यातलं एक जरी असलं तर माझ्याशी बोलत बसू नकोस, हॉस्पिटलला फोन लाव.” त्यातले काहीच नव्हते. मग त्यांनी विचारले, “किती वेळात खाल्लंस?” मी म्हटले, चार-पाच मिनिटे झाली असतील. “अगं, मग अडकणारच. घरात लहान मुलाचा चमचा आहे ना, तो घे उद्यापासून. एक घास, मग चमचा खाली ठेवायचा, हातात धरायचा नाही.” मुलाच्या बोरन्हाणात आलेला चांदीचा चमचा कपाटातून निघाला, आणि मी पुढचे आठ महिने त्यानेच जेवले.

संदेश लिहिणाऱ्याला धीर देणे म्हणजे पाठ थोपटणे वाटते. त्या फोनवर माझे कौतुक कोणी केले नाही. मला मिळाली ती ज्याने हाच घास गिळून पाहिला आहे त्याची नेमकी माहिती, ती लागत होती त्याच वेळी मिळाली, आणि तिच्या आधी डॉक्टरकडे केव्हा पळायचे याची खूणही मिळाली.

आता तिसरे विधान, अर्धवट सल्ल्याचे, आणि इथे मला बरेच मान्य करावे लागते. ‘माझे रिपोर्ट चांगले आले, मी गोळ्या बंद केल्या’ असे अभिमानाने सांगणारी माणसे मी ऐकली आहेत. पोटाची बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची, वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्या एका गृहस्थांना गुडघेदुखीवर शेजारच्याने सरळ आयबुप्रोफेनची गोळी सुचवली होती, जिने त्या शस्त्रक्रियेनंतर जठर आणि आतडे जोडलेल्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. प्रोटीन पावडरचे डबे पिशवीत घेऊन येणारे एक सद्गृहस्थही मध्यंतरी होऊन गेले. त्यांना निरोप द्यायला तीन बैठका लागल्या. सर्वांत घातक सल्ला मात्र सर्वांत प्रेमळ असतो : “सगळ्यांनाच होतं, काळजी करू नका.” केस गळण्याबद्दल हे वाक्य बरोबर आहे, तिसऱ्या महिन्यापासून बहुतेकांचे गळतात आणि नंतर पुन्हा येतात. तेच वाक्य दिवसेंदिवस उलट्या होणाऱ्या माणसाला सांगितले, तर थायमिनच्या (बी-१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेने त्याच्या मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. धीर देण्याची सवय लागलेल्या माणसांना हा फरक शिकवावा लागतो. आमच्याकडे म्हणूनच बैठकीला आहारतज्ज्ञ बसतात, औषधाचे नाव कोणी घेतले की त्या हात वर करून त्याला थांबवतात, आणि एकमेकांचे किलो विचारायचे नाहीत असा नियम आहे.

गटाची बाजू मांडणारेही कधी कधी वाजवीपेक्षा जास्त बोलतात. गटाला नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पण त्यांतले बहुतेक निरीक्षणात्मक आहेत, आणि जो नियमित येतो तो गोळ्याही नियमित घेत असण्याची शक्यता आहेच. तेव्हा गटामुळे अमुक किलो उतरतात असा दावा मी करणार नाही. मला गट लागतो तो दुसऱ्याच कारणासाठी. अमेरिकेतील युटा राज्यात बायपास झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनेतल्या लोकांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते, मात्र अपघात, आत्महत्या अशा आजाराखेरीजच्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. २०१२ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात दारूच्या व्यसनाशी निगडित समस्या शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के रुग्णांत होत्या, त्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांत आढळल्या. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. वजन उतरत असताना बाहेरचे सगळे अभिनंदन करत असतात, त्यामुळे आत काही बिघडले आहे हे त्या माणसाला बोलता येत नाही. जिथे सगळ्यांचेच वजन उतरलेले असते, तिथे ते बोलता येते.

चौथे विधान सर्वांत सात्त्विक दिसते आणि मला सर्वांत जास्त त्रास त्याचाच झाला आहे. घरची माणसे आहेत, खरे आहे. पण आपल्याकडे घरची माणसे प्रेम करतात ते वाढून करतात. पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा आईने माझ्या पानात एकच अनारसा ठेवला, आणि मी त्याचा कोपरा मोडून बाकीचा ठेवला तेव्हा ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली. पानात टाकायचे नाही हे तिनेच मला शिकवले होते. सासूबाईंचा जीव वेगळ्या कारणाने खालीवर होत असे : चतकोर पोळीत माणूस जगेल कसा, ही त्यांची खरीखुरी भीती होती, आणि ती भीती ‘एवढ्याने काय होतंय, घे अजून’ या शब्दांतून बाहेर पडायची. नवऱ्याने पहिले तीन महिने माझ्यासमोर जेवणेच सोडले, तो उभ्याने ओट्याजवळ खायचा. तिघांचेही माझ्यावर प्रेम होते, पण पोटभर दोन घास म्हणजे काय हे त्यांपैकी एकालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ते ज्यांना ठाऊक होते त्यांनी मला पंगतीत बसायला शिकवले. यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन करून सांगायचे, म्हणजे भर पंगतीत आग्रह होत नाही. ताट न घेता वाटी घ्यायची, म्हणजे कोणाला रिकामी जागा दिसत नाही. आधी उसळ किंवा पनीर, मग जागा उरली तर भात. जिलबीला हात लावायचा नाही. बायपासवाल्यांना तर तिने घाम फुटतो, छाती धडधडते आणि आडवे पडावे लागते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चिकटून बसते आणि तिच्यात प्रथिने नावालाच असतात, म्हणून दही आणि ताकावर उपवास करायचा. यातले एकही वाक्य कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर मला सापडले नाही.

आणि घरच्यांना वगळून हे चालत नाही, हेही खरे. वर्षातून दोनदा आमच्याकडे नातेवाइकांची बैठक होते. माझा नवरा पहिल्या बैठकीला नाइलाजाने आला, एका दुसऱ्या नवऱ्याशी कोपऱ्यात तासभर बोलला, आणि त्या रात्रीपासून पुन्हा माझ्यासमोर बसून जेवू लागला. ते काय बोलले हे मी आजवर विचारलेले नाही.

ही शस्त्रक्रिया लपवण्याबद्दलही इथेच एक सांगते. २०११ मध्ये नितीन गडकरी यांच्यासारख्या राजकीय नेत्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती वर्तमानपत्रांत छापूनही आली, तरी सामान्य घरात अजून ‘हर्निया’ किंवा ‘पित्ताचे खडे’ असेच सांगितले जाते. आमच्या गटातील एकीने खड्यांचे कारण सांगितले होते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खरोखरच खडे होतात, आणि तिला ते आठव्या महिन्यात झाले. दुसरे खरे ऑपरेशन कोणते म्हणून सांगायचे, हा तिचा प्रश्न बैठकीत बराच वेळ हसत हसत चालला. असे हसू तिला घरी परवडले नसते.

पाचवे विधान, वजन परत येते. थोडे येते, अनेकांचे येते, आणि हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगायला हवे. पण सगळे येते हे खोटे आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनीही सुरुवातीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, आणि शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्यांपेक्षा साधारण तीन वर्षे अधिक जगले. तरीही त्यांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शस्त्रक्रियेने सगळे पुसले जात नाही, हे त्याच आकड्यांत आहे. संदेश लिहिणारा जे दोन वर्षांचे म्हणतो, तेव्हाच माणसे गटातून गळतात, कारण चार-सहा किलो वाढले की तोंड दाखवायची लाज वाटते आणि मग तपासण्याही सुटतात.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ सव्वातीन वर्षांनी आले. दाराजवळची खुर्ची त्यांनी घेतली आणि आल्या आल्या म्हणाले, “अकरा किलो परत आलंय, आधीच सांगून टाकतो.” ताईंनी किलोवर काहीच म्हटले नाही, पायांना मुंग्या येतात का आणि बी-१२ शेवटचे कधी तपासले होते, एवढे विचारले. मुंग्या येत होत्या, आणि तपासणी कधीची ते त्यांना आठवत नव्हते. आहारतज्ज्ञांनी तिथेच सोमवारची वेळ घेऊन दिली, आणि तोवर चहा आला होता.