केस बायकोच्या गावी ‘आपोआप’ जात नाही

कधी ‘पुरुषांचे हक्क’ अशा मथळ्याखाली, कधी नुसताच ‘जनहितार्थ’ म्हणून व्हॉट्सअॅपच्या गटांमधून एक मजकूर फिरत असतो. त्याचा आशय असा. माहेरी गेलेली बायको देशात कुठूनही केस टाकू शकते. नवऱ्याने आधी टाकलेली केससुद्धा तिने अर्ज करताच तिच्या गावी जाते. नवऱ्याची अडचण कोर्ट ऐकूनच घेत नाही. आता सगळं व्हिडिओवर होऊ शकतं, तरी त्याला मुद्दाम खेटे घालायला लावतात. आणि केस एकदा तिच्या गावी गेली की निकाल लागल्यातच जमा. शेवटी सल्ला असतो: शहाणा असशील तर आधी तूच टाक.

यातलं बरंचसं चूक आहे, थोडं अर्धवट आहे, आणि एक तक्रार रास्त असूनही तिचं बोट भलतीकडे आहे.

देशात कुठूनही, हे आधी घेऊ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 मध्ये जागा मोजून दिल्या आहेत: लग्न जिथे लागलं तिथे, जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) अर्जाच्या वेळी राहतो तिथे, आणि दोघं शेवटचं एकत्र राहिले तिथे. जोडीदार परदेशात असेल किंवा सात वर्षं त्याचा ठावठिकाणा नसेल, तर अर्जदार स्वतः राहतो तिथेही अर्ज करता येतो. 2003 च्या दुरुस्तीने यात एका जागेची भर पडली: अर्जदार बायको असेल तर ती त्या दिवशी जिथे राहते ते ठिकाण. विशेष विवाह कायद्यातही तेव्हाच तशीच भर पडली. म्हणजे बायकोलाही ‘कुठेही’ नाही, राहते तिथेच. चार दिवस मावशीकडे मुक्काम केला म्हणून तिथलं कोर्ट आपलं होत नाही. वास्तव्य खरं असावं लागतं आणि नवऱ्याचा वकील त्यावर हरकत घेऊ शकतो.

नवऱ्याला मात्र स्वतः राहतो तिथे केस टाकण्याची अशी सोय नाही, हा भेदभाव नव्हे का? कागदावर तसं दिसतं खरं. पण दोघं शेवटचं एकत्र राहिले ते घर बहुतेक लग्नांत कोणाचं असतं? नवऱ्याचं, नाहीतर त्याच्या नोकरीच्या गावातलं भाड्याचं. त्यामुळे न मागता त्याचं शहर त्याला मिळूनच जातं. 2003 आधी सोलापूरच्या माहेरी परतलेल्या बाईला घटस्फोट हवा असेल, तर ज्या ठाण्याच्या घरातून ती बाहेर पडली त्याच ठाण्यात अर्ज करायला जावं लागे, किंवा लग्न सोलापुरात लागलं असेल तरच सुटका. आता तर लग्नं लोणावळ्याच्या रिसॉर्टवर लागतात, जिथे दोघांपैकी कोणीच राहत नाही. अशा वेळी लग्नस्थळाच्या आधाराचा दोघांनाही उपयोग शून्य.

‘कुठेही’ हा समज बहुधा दुसऱ्या एका कायद्यातून आला असावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचं कलम 27 पीडित महिला कायमची ‘किंवा तात्पुरती’ राहत असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे जाऊ देतं. तिथे दार मुद्दाम रुंद ठेवलंय, कारण मारहाणीतून निघून आलेली बाई आधी जिथे आसरा मिळेल तिथेच जाणार. खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्जही ती राहते तिथे करता येतो आणि ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासूनची आहे, काल-परवाची नाही. छळाच्या फिर्यादीबाबत 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की सासर सोडून ती जिथे आश्रयाला आली, तिथल्या कोर्टालाही ही फिर्याद चालवता येते, कारण छळाचा मानसिक परिणाम उंबरठा ओलांडला म्हणून थांबत नाही. घटस्फोट, खावटी, हिंसाचार, फिर्याद या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या जागांचे नियमही चार आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने सगळ्यांची एकच खिचडी केली आहे.

आता ‘अर्ज करताच केस जाते’. केस एका कोर्टातून दुसऱ्यात नेण्याचा, म्हणजे तिची बदली करण्याचा, अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. एकाच राज्यात असेल तर कलम 24 खाली जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय, राज्य ओलांडायचं असेल तर कलम 25 खाली फक्त सर्वोच्च न्यायालय. कलम 25 नीट वाचा. त्यात बायको नाही, नवरा नाही, माहेर नाही. ‘न्यायाच्या हितासाठी’ आवश्यक वाटलं तर, एवढंच आहे. अर्ज निव्वळ त्रास द्यायला केलेला निघाला तर अर्जदाराकडून समोरच्याला भरपाई देववण्याचीही सोय आहे. ती भरपाई जास्तीत जास्त दोन हजार रुपये! 1976 साली, ही रक्कम ठरली तेव्हा, तिला काही वजन असेल, आज दिल्लीच्या वकिलाच्या कारकुनाचाही खर्च त्यातून निघायचा नाही. सुधारायचंच असेल तर हा आकडा सुधारावा.

बायकोच्या सोयीकडे कोर्टांचा कल आहे, हे मात्र खरं, आणि लपवायचं कारण नाही. 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच म्हटलं: आजची सामाजिक-आर्थिक स्थिती पाहता साधारणपणे बायकोची सोय पाहावी. पण त्याच निकालात आधी काय काय तपासायचं तेही दिलंय. दोघांची आर्थिक ताकद, राहणीमान, उपजीविकेचं साधन, कोणाच्या आधाराने दिवस काढताहेत. मजकुरात पुढचं ‘बायकोची सोय’ आलं, मागचं सगळं गळलं. शिवाय त्याच्या बऱ्याच आधी याच न्यायालयाने बायकांना दिलेल्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय अशी खंत व्यक्त केली होती आणि प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावगुणांवर पाहायचा असं सांगून त्या प्रकरणातला अर्ज फेटाळला होता. तिथे मूल सहा वर्षांचं होतं, सांभाळायला आजी-आजोबा होते, आणि नवरा दर तारखेला तिचा व सोबत येणाऱ्याचा प्रवास-मुक्कामाचा खर्च द्यायला तयार होता. शेवटच्या मुद्द्याकडे नवऱ्यांनी नीट पाहावं. ‘माझ्यावर अन्याय’ म्हणून रडण्यापेक्षा ‘दर तारखेचं भाडं मी भरतो’ असं प्रतिज्ञापत्र कोर्टासमोर ठेवलं, तर बाजू कितीतरी वजनदार होते. तो अंथरुणाला खिळलेला असेल, आई-वडील त्याच्यावरच अवलंबून असतील, तर तेही तिथेच मांडायचं असतं. आणि बदलीचा अर्ज नवराही करू शकतो. कलम दोघांना सारखंच आहे.

आधी टाक, हा सल्ला अर्धा खरा म्हणून जास्त घातक. हिंदू विवाह कायद्याचं कलम 21 अ सांगतं की एकाने घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा) अर्ज केला आणि मागाहून दुसऱ्यानेही दुसऱ्या कोर्टात तसाच अर्ज केला, तर नंतरचा अर्ज पहिल्या कोर्टाकडे जातो. इथपर्यंत शर्यत आहेच. पण खावटी आणि हिंसाचाराचे अर्ज या कलमाने ओढले जात नाहीत. आणि या कलमामुळे केसची बदली करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार जात नाही, हे त्याच न्यायालयाने 1981 मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा घाईघाईने पुण्यात पहिला नंबर लावून काय मिळवलं? वर आणखी एक वैताग: समेटाची शक्यता असलेली भांडणंही या घाईपायी कोर्टात जातात. दोघांची कुठेतरी बोलणी चालू असतात आणि तेवढ्यात घरी नोटीस येऊन पडते.

व्हिडिओचा मुद्दा सगळ्यांत पटण्यासारखा, म्हणून त्यावर थांबू. मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी नेमकं हेच सुचवलं होतं: सरसकट बदली करण्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आणि प्रवासखर्चासारखे पर्याय पाहा. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो मार्ग अडवला. बहुमतात सरन्यायाधीश दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती खानविलकर होते, विरुद्ध मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं. बहुमताचं म्हणणं असं की कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 प्रमाणे कोणाही एका पक्षाची इच्छा असेल तर कामकाज बंद दाराआड चालवावं लागतं, समुपदेशनाला दोघं समोरासमोर बसावी लागतात, पडद्यावर हे साधत नाही. समेटाचे प्रयत्न फसल्यावर दोघांनी मिळून मागितलं तर कौटुंबिक न्यायालय परवानगी देऊ शकतं.

मला अल्पमत जास्त पटतं. समुपदेशकाच्या खोलीत एकमेकांकडे न बघता बसलेल्या जोडप्याला ‘समोरासमोर’ म्हणायचं कशाला? पण बहुमताची भीतीही पोकळ नाही. तिच्या घरच्या खोलीत कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे, हे न्यायाधीशाला दिसत नाही. त्याच्याही घरात नाही. पुढे कोरोनात कोर्टांना पडद्याची सवय लावून घ्यावीच लागली, आणि मधल्या, नुसत्या हजेरीच्या तारखांसाठी ऑनलाइन परवानगी मागणं आता पूर्वीइतकं विचित्र वाटत नाही. कैफियत दाखल होण्याच्या टप्प्यावर नवऱ्याने नुसतं बसून राहण्यासाठी रात्रभर बसने का यावं? हा प्रश्न विचारायचा तो त्या कोर्टात, लेखी अर्ज करून. मजकूर पुढे पाठवून नाही.

अन्याय शोधायचाच असेल तर तो सीमेवर आहे. बेळगाव आणि कोल्हापूर यांत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे मराठी घरं, सोयरिकी पिढ्यान् पिढ्या. पण बेळगावात दाखल झालेली केस कोल्हापूरला आणायची तर दिल्ली गाठावी लागते, कारण एका उच्च न्यायालयाला आपल्याकडची केस दुसऱ्या उच्च न्यायालयाच्या हद्दीत पाठवता येत नाही, हे 2008 च्या निकालाने पक्कं झालं. उलट गडचिरोलीची केस मुंबईला, नऊशे-हजार किलोमीटरवर न्यायची तर आपलं मुंबई उच्च न्यायालय पुरतं. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात या न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. सांगली-साताऱ्याच्या लोकांची त्याने सोय झाली, बेळगावच्या सुनेची नाही. दोन-अडीच तासांच्या प्रवासाचा वाद दिल्लीत न्यायचा, हे नवरा-बायको दोघांनाही सारखंच महाग.

आणि दिल्लीत काय होतं? नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात असे वैवाहिक बदलीचे सुमारे तीन हजार अर्ज पडून होते. प्रत्येक पीठाने रोज दहा अर्ज घ्यायचे, असं तेव्हा ठरलं. अर्जावर नोटीस निघताना बऱ्याचदा खालच्या कोर्टातल्या कामाला स्थगिती मिळते, आणि मूळ केस तिथेच गोठते. रास्त तक्रार ही आहे. केस तिच्या गावी गेल्याने नवऱ्याचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती कुठेच न चालल्याने होतं, आणि बायकोचंही होतं, कारण त्याच केसमधला खावटीचा अर्जही अडकतो. वैवाहिक संबंध पूर्ण तुटले असतील तर सर्वोच्च न्यायालय थेट घटस्फोट देऊ शकतं असं सांगणारा मे 2023 चा घटनापीठाचा निकाल मुळात 2014 च्या एका बदलीच्या अर्जातून निघाला होता!

राहिलं ‘निकाल लागल्यातच जमा’. घटस्फोटाची कारणं नाशिकला एक आणि नांदेडला दुसरी नसतात. उलट कलम 25 मध्ये लिहिलंय की केस दुसऱ्या राज्यात गेली तरी मूळ कोर्टाने जो कायदा लावला असता तोच लावायचा. झालेलं कामही वाया जात नाही. वेगळा आदेश नसेल तर नवं कोर्ट आहे त्या टप्प्यापासून पुढे चालू शकतं. आणि ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही, त्याला केस चालू असताना खावटी आणि कोर्टाचा खर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली मागता येतो. ते कलम बायको आणि नवरा, दोघांचीही नावं घेतं.