मिरजकर, लॅपटॉपवर सगळंच होत नाही हो!

मिरजकर साहेब, नमस्कार. सांगलीतल्या एका इलेक्ट्रिकलच्या सरांच्या एफपीजीएवरच्या (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं मांडता येणारी चिप) कामाबद्दल मागे लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणताय की पायथॉनमध्ये चार ओळीत एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) होतो, मग हे महागडे बोर्ड कशाला, नुसती हौस. महाग आहेत हे खरंय, हौस पटलं नाही.

चार ओळीत होतो की, पण फाईलमध्ये पडलेल्या डेटावर. सरांचा सिग्नल लाईव्ह असतो. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा पकडायचा म्हटलं तर नायक्विस्टच्या हिशोबानं (पट्ट्याच्या दुप्पट वेगानं मोजायचं) सेकंदाला निदान 80 कोटी सॅम्पल, म्हणजे सिग्नलच्या मोजण्या, म्हणजे एकाच्या वाट्याला सव्वा नॅनोसेकंद, तेवढ्यात 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या क्लॉकचे चार टिक पण पुरे होत नाहीत आणि नको त्या फ्रिक्वेन्सी गाळायला साधा 64 टॅपचा (टॅप म्हणजे एक गुणाकार) फिल्टर लावला तरी दर सॅम्पलला 64 गुणाकार आले! बफर लावू, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता साठवू म्हणाल, तर सीझनला साखर कारखान्याचं बघताच की, गाळपापेक्षा आवक जास्त झाली की यार्ड कितीही मोठं करा, ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येतेच.

एफपीजीएत गुणाकार एकामागं एक नसतातच, मल्टिप्लायर शेजारीशेजारी मांडायचे आणि सगळे एकदम चालवायचे. चिपचं क्लॉक 200 मेगाहर्ट्झच ठेवलं तर दर टिकला 4 सॅम्पल घ्यायचे, म्हणजे सरळ हिशोबानं 256 मल्टिप्लायर. पैसे तिथं जातात साहेब.

जीपीयू (ग्राफिक्स कार्डातला प्रोसेसर) वापरा हा तुमचा मुद्दा मात्र दमदार आहे. खोडदच्या जीएमआरटीत (नारायणगावजवळची रेडिओ दुर्बीण) अपग्रेडनंतर दोन्ही आहेत, सिग्नल डिजिटाइझ करून डेटाची पाकिटं पुढं ढकलायला एफपीजीए आणि कोरिलेशनचं (अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघायचं) जड काम जीपीयूवर. पण जीपीयू गठ्ठ्यानं काम करतो, गठ्ठा जमेपर्यंत थांबतो. दुर्बिणीला ते चालतं, रडारला दरवेळी परवडेल असं नाही, तिथं उत्तर लगेच लागतं.

आणि "बोर्डावर काय, तारा जोडायच्या" हे जे लिहिलंय ना, एखादा जुना मदरबोर्ड घ्या आणि रॅमच्या स्लॉटजवळ बघा. काही रेषा उगाच नागमोडी फिरवलेल्या दिसतील. बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटीमीटर जातो, एक रेष आखूड राहिली तर तिचा बिट आधी पोचतो, म्हणून मुद्दाम वळसे देऊन लांबी जुळवतात. सरांचे निम्मे दिवस यातच जातात.

मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे म्हणालात. बोर्ड नको लगेच, आयकॅरस व्हेरिलॉग (चिपचं डिझाइन लिहायच्या व्हेरिलॉग भाषेचा सिम्युलेटर) फुकट आहे, त्यात 8 टॅपचा फिल्टर लिहून बघू दे. अडला तर इथंच विचारा.