‘डीसीसीला दोनच वायरी लागतात’ म्हणणाऱ्यांना

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला कॉलेजकुमार असो, नाहीतर निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत प्लायवूड ठोकणारे काका असोत, सल्ला एकच मिळतो: ‘डीसी संपलं. थेट डीसीसी घ्या. दोन वायरी जोडा, ब्लॉक नकोत, जुनी इंजिनंही चिप टाकली की पळतात.’ मी स्वतः डीसीसीवालाच आहे. तरी या सल्ल्यातलं एकेक वाक्य सोलून बघायला हवं.

आधी फरक सांगतो. डीसीत, म्हणजे साध्या एकदिश विजेवर, रुळांवर 0 ते 12 व्होल्ट सोडतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे जाते. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, करून प्रत्येकाला स्विच लावावा लागतो. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, एचओच्या (1:87 मापाच्या) रुळांवर कायम साधारण 15 व्होल्ट असतात. त्याच विजेतून ठरावीक पत्त्याच्या इंजिनाला हुकूम जातो आणि इंजिनाच्या पोटातला डिकोडर, म्हणजे ती चिप, तो वाचून मोटर फिरवतो.

‘दोन वायरी.’ जेवणाच्या टेबलावर अंडाकृती रूळ मांडलात तर खरं आहे. मोठ्या लेआउटवर मात्र हे अंगाशी येतं. बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारी पेटी, 5 अँपियरचा आहे असं धरा. टोकाला डबा घसरून शॉर्ट झाला, की त्याने चटकन ट्रिप व्हायला हवं. पण बारीक वायर आणि दोन रूळ जोडणारे सैल जॉइनर मिळून वाटेत 3 ओहमहून थोडा जास्त रोध असेल, तर 15 व्होल्टला 5 अँपियर भरतच नाहीत. बूस्टर म्हणतो सगळं ठीक आहे, आणि जवळजवळ 75 वॅट उष्णता वायरीत, जॉइनरमध्ये आणि चाकांत मुरत राहते. आपलं सोल्डरिंगचं हत्यार 25 वॅटचं असतं! म्हणून फळीखालून अडीच चौरस मिलिमीटरची वायर फिरवायची, दर मीटरभराला तिच्यातून रुळांना फीडर, म्हणजे जोडवायरी, सोल्डर करायचे आणि मग रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टाकत लेआउटभर फिरायचं. जिथे बूस्टर तत्काळ ट्रिप होत नाही, तिथे फीडर कमी आहे. माझ्या पहिल्या लेआउटवर नाणं बोटाला चटका देण्याइतकं तापलं होतं आणि कंट्रोलरचा दिवा मात्र हिरवागार.

‘ब्लॉक नकोत.’ गाड्या चालवायला नकोत, हे कबूल. पण एकाच बूस्टरवर सगळं असलं, तर यार्डात एक चाक घसरल्यावर मेन लाइनही थांबते. त्यामुळे वेगळ्या ब्रेकरचे विभाग करावे लागतातच. गाडी वळून त्याच रुळावर परत आणणारा लूप असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तिथे दोन्ही रूळ कापून ऑटो-रिव्हर्सर बसवावा लागतो.

‘जुनी इंजिनं चिप टाकली की पळतात.’ काही पळतात. पण जुन्या बनावटीत मोटरचा एक ब्रश (तिला वीज देणारा कार्बनचा तुकडा) थेट चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, टेकलेला असतो आणि चॅसी रुळाला. तो वेगळा न करता डिकोडर जोडला की धूर. हे अनुभवाचे बोल आहेत, चूक सर्वस्वी माझी. आधी मल्टिमीटरने ब्रश आणि चाक यांच्यात बीप येतो का ते बघा.

राहिलं ‘डीसी संपलं’. तुमच्याकडे एक इंजिन आणि एक फळी असेल, तर काय संपलं? इंग्लंडमधलं इंगलनूक हे डबे लावण्याचं कोडं घ्या: तीन सायडिंग (बाजूचे रूळ), 5, 3 आणि 3 डबे मावणारी. एकूण 8 डब्यांतून चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने 5 डब्यांची गाडी लावायची. 6,720 क्रम होतात आणि कंट्रोलर लागतो एकच साधा डीसी. उलट कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीसारखं मागे बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावून दोन्ही टोकांची इंजिनं जुळवायची असतील, थांबल्यावरही हेडलाइट पेटता हवा असेल, तर डीसीवर डोकं फोडू नका, डीसीसीच घ्या.

म्हणून दुकानदाराला ‘कुठली सिस्टिम चांगली?’ विचारण्याआधी एका कागदावर लिहा: एका वेळी किती इंजिनं चालणार, आणि ती चालवायला माणसं किती. माझ्या कागदावर ‘चार इंजिनं, दोन माणसं’ असं होतं. दुसरं माणूस म्हणजे बायको, आणि तिला स्विचबोर्डाचा तिटकारा.