तारीख पक्की ठेवा, जागा नको: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वसंतातल्या बॅकपॅकिंगसाठी एका दिवसाच्या ड्राइव्हमधली जागा कशी निवडायची यावर एवढं लिहूनही मी ठामपणे एक जागा निवडा म्हणत नाही, नुसतं 'तीन पर्याय ठेवा आणि शेवटच्या आठवड्यात ठरवा' म्हणते, ज्याला सुट्टी महिनाभर आधी टाकावी लागते त्याला याचा उपयोग शून्य. शिवाय एप्रिलमध्ये थंडी संपलेली असताना मी उगाच बर्फाची भीती घालते, आणि आठ-नऊ तास गाडी चालवण्यात एवढं काय आहे.

सुट्टीचं आधी घेते. तारीख बदला असं मी कुठेच म्हणत नाहीये, ती खुशाल महिनाभर आधी पक्की करा. जागा तेवढी मोकळी ठेवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कुठलातरी फोटो बघून जागा मनात पक्की होते आणि मग तिच्यासाठी तारीख शोधली जाते, पण तो फोटो भर उन्हाळ्यात काढलेला असतो आणि आपण तिथे एप्रिलमध्ये पोचतो.

आता थंडी. एप्रिलमध्ये ती संपते खरी, पण खाली, आपण राहतो तिथे. वर जाताना हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते, म्हणजे घरी दुपारी १८ अंश असतील तर २००० मीटर वर जिथे तुम्ही तंबू लावणार तिथे भर दुपारी ५ च्या आसपास, रात्रीचं तर विचारूच नका. आणि बर्फाचं गणित अजून वेगळं आहे. उंच डोंगरांत बऱ्याच ठिकाणी बर्फाचा थर सगळ्यात जाड असतो तो मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, कारण हिवाळाभर पडलेला बर्फ साठत गेलेला असतो आणि वितळायला अजून नीट सुरुवातही झालेली नसते. म्हणजे कॅलेंडर बघून आपण 'हिवाळा संपला' म्हणतो तेव्हाच वरची वाट सगळ्यात जास्त गाडलेली असते!

त्यात एकाच डोंगराच्या दोन बाजूंत केवढा फरक असतो बघा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उताराला ऊन सरळ लागतं, तिथे गवत वर आलेलं असतं आणि त्याच उंचीला मागच्या उत्तरेकडच्या उतारावर मांडीभर बर्फ. खिंड ओलांडणारी वाट असेल तर चढताना सगळं मस्त वाटतं आणि पलीकडे उतरताना अडकायला होतं, बरं तोवर दुपार झालेली असते, बर्फ मऊ पडलेला असतो, प्रत्येक पावलाला पाय आत जातो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून सगळे वापरतात, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, पण तो हिशेब कोरड्या वाटेचा आहे, मऊ बर्फात तासाला एक किलोमीटर झाला तरी खूप. १२ किलोमीटरचा दिवस कागदावर सोपा दिसतो तो इथे फसतो.

पण मला बर्फापेक्षाही जास्त काळजी वाटते ती ओढ्यांची, आणि याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी पहाटे कमी असतं आणि दुपारनंतर वाढत जातं, उगम लांब असेल तर संध्याकाळी किंवा रात्री सगळ्यात जास्त. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, म्हणून सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना ओळखू येत नाही. गुडघ्याच्या वर जोरात पाणी असेल तर मी त्यात उतरत नाही, सकाळपर्यंत थांबते नाहीतर मागे फिरते. त्यामुळे पर्याय निवडताना नकाशावर पहिली गोष्ट बघायची ती ही, की वाट किती ओढे ओलांडते आणि त्यांवर पूल आहेत का.

म्हणूनच एका दिवसाच्या ड्राइव्हचं वर्तुळ मला एवढं मोलाचं वाटतं. त्यात सगळ्यात सुंदर जागा कुठली हे शोधण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीच्या तीन जागा शोधा, एक अगदी खालची दरी, एक मधली, एक वरची, शक्यतो वेगळ्या दिशांना म्हणजे एकीकडे पाऊस असला तरी दुसरीकडे जाता येतं. तिन्हींची परवानगी, रस्ता उघडा असण्याची तारीख आधीच बघून ठेवा. मग निघायच्या आठवड्यात सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांचे फोटो उघडा, ते फुकट आहेत, साधारण दर पाच दिवसांनी नवीन येतात आणि ढग नसतील तर बर्फ कुठपर्यंत उतरलाय ते स्पष्ट दिसतं. त्या रेषेच्या खाली राहणारी सगळ्यात वरची जागा निवडायची, झालं. याला तुम्ही अनिश्चितता म्हणालात, मला तर नाव आधी ठरवून नशिबावर सोडण्यापेक्षा हे कितीतरी जास्त ठाम वाटतं.

ड्राइव्हबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. जाताना आठ तास कोणीही चालवेल, प्रश्न येतानाचा आहे. शेवटच्या दिवशी पहाटे उठून तंबू आवरायचा, पाच-सहा तास चालायचं आणि मग रात्री उशिरापर्यंत गाडी. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते हे अभ्यासातून दिसलंय. दोन रात्रींच्या ट्रिपला चार-पाच तास पुरे, चार रात्री असतील तर आठ तास जा, पण येताना वाटेत मुक्काम धरूनच.

शेवटी तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच सॅक पाठीवर घेणाऱ्या धाकट्या भावाला कुठे न्यावं. बिनधास्त खालची दरी निवडा, गेलो त्याच वाटेने परत येता येईल अशी, दोन्ही रात्री एकाच ठिकाणी तंबू, मधल्या दिवशी रिकाम्या पाठीने जमेल तेवढं वर जाऊन या. शून्य ते दहा अंशांतला पाऊस कडक कोरड्या थंडीपेक्षा जास्त त्रास देतो, कारण ओलं अंग भराभर गार पडतं, तेव्हा त्याचा एक कपड्यांचा जोड आणि स्लीपिंग बॅग कोरडी राहील एवढं आधी बघा. वाटेत चिखल लागला तर कडेच्या गवतातून न जाता मधूनच चाला, वसंतात वाटा अशाच रुंद होऊन खराब होतात. आणि गवतातून आल्यावर गोचीड तपासा, थंडी सरली की ते लगेच जागे होतात.

तुमच्या मनात ज्या जागा आहेत त्या इथेच लिहा, प्रत्येकीची सगळ्यात वरची उंची, उतार कुठल्या बाजूचा आणि पूल नसलेले ओढे किती एवढं बघून, मग तुमच्या तारखेला त्यातली कुठली बसते ते आपण मिळून ठरवू.