असिस्टंटला पासवर्ड द्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, सरांनी हा ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाय. आणि मला त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिलाय. काय करू?" ती असिस्टंट आहे. सरांचे मेल, मीटिंगा, लोकांचे नंबर, सगळं तिच्याच हातातून जातं. हाच मेसेज मला याआधी दोनदा आला होता, तेव्हा दुर्लक्ष केलं. आता घरापर्यंत आलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: असिस्टंटला सरळ आपला पासवर्ड द्या, विश्वास असाच दाखवतात. 'डेलिगेशन'च्या, म्हणजे पासवर्ड न देता आपला मेल दुसऱ्याला वापरू देण्याच्या सोयीच्या, नादी लागू नका, त्यात समोरचा तुमचं खातं ताब्यात घेऊ शकतो. कॅलेंडर शेअर केलं की खाजगी काही उरत नाही. फारच भीती वाटली तर दर महिन्याला पासवर्ड बदला. आणि कॉन्टॅक्टची यादी एकदाच काढून देऊन टाका.

खातं ताब्यात घेण्याची गोष्ट धादांत खोटी आहे. जीमेलमध्ये डेलिगेट, म्हणजे अशी परवानगी दिलेला माणूस, नेमला तर तो मेल वाचतो, पाठवतो, डिलीटही करतो. पण पासवर्ड बदलू शकत नाही. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पासवर्डने आत येतो. खातं ताब्यात जातं ते पासवर्ड दिल्यावर. गूगलचा पासवर्ड हातात आला की मेलबरोबर ड्राइव्ह, फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्ड, सगळंच उघडतं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने धोका ओळखला, पण भलत्याच दारावर पाटी लावली.

आता 'विश्वासा'बद्दल. मला खरा राग या मुद्द्याचा आहे, कारण यात बळी जातो तो असिस्टंटचा. बहिणीच्या आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगते. तिथेही एकच लॉगिन साहेब, ती आणि आणखी एक जण वापरायचे. एका ग्राहकाचा तक्रारीचा मेल गायब झाला. ग्राहक म्हणाला पाठवला होता, इनबॉक्समध्ये नाही, ट्रॅशमध्येही नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तूच उडवलास ना?" ती रात्री माझ्याकडे बसून जीमेलच्या तळाशी असतं ते 'तपशील' उघडून बघत होती. कुठल्या प्रकारच्या ॲपमधून, कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), किती वाजता खातं वापरलं गेलं, हे त्यात दिसतं. माणूस दिसत नाही. तिघंही एकाच ऑफिसच्या इंटरनेटवर. काय सिद्ध करणार? चार महिन्यांनी तिने ती नोकरी सोडली.

ही एकट्या तिची गोष्ट वाटत असेल तर ब्रिटनच्या संसदेत काय झालं ते बघा. २०१७ साली तिथले मंत्री डेमियन ग्रीन यांच्या कार्यालयातल्या संगणकावर अश्लील चित्रं सापडल्याचा वाद पेटला होता. ती सापडल्याची घटना २००८ची. ग्रीन म्हणत होते, ती चित्रं मी पाहिलेली नाहीत. त्यांच्या बाजूने बोलताना खासदार नदीन डॉरिस यांनी डिसेंबरात जाहीरपणे लिहिलं की माझा स्टाफ रोज माझ्याच लॉगिनने माझा संगणक वापरतो, अगदी इंटर्नसुद्धा. त्यावर तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने दखल घेऊन संसदेच्या अधिकाऱ्यांकडे विचारणा करत असल्याचं सांगितलं. पण मला त्यातला युक्तिवादच महत्त्वाचा वाटतो. 'लॉगिन सगळेच वापरतात' हे वाक्य वरिष्ठांची ढाल होतं, आणि तेच वाक्य उच्चारताक्षणी संशयाचं बोट स्टाफकडे वळतं. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे. याला विश्वास म्हणायचं?

डेलिगेशनमध्ये कोणी काय केलं याची नोंद राहू शकते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल ॲपमधून 'च्या वतीने' पाठवलेल्या मेलवर दोघांची नावं येतात, जीमेलमध्येही पाठवणाऱ्याचं नाव दाखवायचा पर्याय आहे. मायक्रोसॉफ्ट कंपन्यांना जी मेलसेवा देतं तीत तर २०१९ पासून ऑडिट, म्हणजे कोणी काय केलं याची आपोआप नोंद, मुळातच चालू असतं आणि डेलिगेटने डिलीट केलेला मेल डेलिगेटच्या नावावर नोंदला जातो. बहिणीच्या जुन्या ऑफिसात अशी नोंद असती तर तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारायची वेळच आली नसती.

कॅलेंडरच्या मुद्द्यात अर्ध सत्य आहे, ते मान्य करते. गूगल कॅलेंडरमध्ये फेरबदल करायची परवानगी दिलीत तर 'खाजगी' म्हणून ठेवलेल्या नोंदीही असिस्टंटला दिसतात. आउटलुकमध्ये डेलिगेटला खाजगी नोंदी दाखवायच्या की नाही याची वेगळी खूण असते आणि ती आधी बंदच असते. तरीही त्या 'खाजगी'वर विसंबू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, कारण वाचायची परवानगी असलेला माणूस दुसऱ्या ॲपमधून ते बघू शकतो. उपाय सोपा आहे. डॉक्टरची वेळ, घरचे प्रश्न यांचं कॅलेंडर वेगळं ठेवा आणि ते शेअरच करू नका. शिवाय फक्त 'मोकळे की व्यस्त' एवढंच दाखवायची पायरीही आहेच. मेसेजवाल्याला ती माहीत नाही किंवा सांगायची नाही.

मेलच्या बाबतीतही एक अडचण लपवत नाही. जीमेलचा डेलिगेट सगळाच इनबॉक्स वाचतो, त्यात फोल्डरनिहाय परवानगी नाही. म्हणून बँकेचे, विम्याचे, 'पासवर्ड विसरलात का'चे मेल कामाच्या पत्त्यावर येऊच देऊ नयेत.

दर महिन्याला पासवर्ड बदलणं हे तर जुनंच खूळ. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितलं की लोकांना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. आणि मधल्या काळात कुणी मेल परस्पर दुसरीकडे जाण्याचा फिल्टर लावून ठेवला असेल तर पासवर्ड बदलून तो जात नाही.

कॉन्टॅक्टची यादी काढून दिली की ती त्या दिवशीच शिळी व्हायला लागते, आणि असिस्टंट नोकरी सोडून गेली तरी फाइल तिच्याकडेच राहते. ऑफिसच्या गूगल खात्यात कॉन्टॅक्टही डेलिगेट करता येतात, आउटलुकमध्येही. इतकंच.

बहिणीने चिठ्ठी परत केली आणि आम्ही दोघींनी बसून सरांना लिहिलं: "सर, तुमचा पासवर्ड माझ्याकडे नको. जीमेलच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या भागात माझा पत्ता डेलिगेट म्हणून जोडा, मला आमंत्रण येईल, ते मी स्वीकारेन. कॅलेंडर वेगळं शेअर करा. चिठ्ठीवरचा पासवर्ड मी वाचलेला आहे, म्हणून तो आजच बदला." उत्तर अजून आलेलं नाही. आमंत्रण आठवडाभरच चालतं आणि ॲक्सेस सुरू व्हायला एखादा दिवस लागू शकतो, हेही तिने आज परत कळवलंय.